डोंगरउतारावरचे अतिथिगृह : मोजणीपासून भोगवटा दाखल्यापर्यंत

जंगलाच्या कडेला, ओढ्याकाठच्या एका उतारावर सहा खोल्यांचे अतिथिगृह बांधायचे, असे माझ्या बहिणीने आणि मी 2021 च्या सुरुवातीला ठरवले. भोगवटा दाखला, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, हाती आला तो 2024 च्या ऑक्टोबरमध्ये. आम्हा दोघांनाही बांधकामाचा अनुभव नव्हता. या विषयावर जे वाचायला मिळाले त्यात देखणी छायाचित्रे भरपूर होती, पण अर्ज कोणत्या क्रमाने करावेत, सांडपाण्याचे काय करावे, झाडापासून पाया किती लांब ठेवावा, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे दहा ठिकाणी विखुरलेली होती. ज्यांच्या मनात असाच बेत आहे त्यांना थोडा अंदाज यावा, म्हणून घडले त्या क्रमाने हे लिहीत आहे. खर्चाचे आकडे स्थळकाळाप्रमाणे बदलतात. म्हणून ते एकूण खर्चाच्या प्रमाणात दिले आहेत.

आराखड्याच्या वहीच्या पहिल्या पानावर बहिणीने एकच प्रश्न लिहून ठेवला होता : पाहुणा खोलीबाहेर कशासाठी येईल? निसर्गरम्य म्हणवणाऱ्या अनेक निवासांत आम्ही राहिलो होतो आणि बहुतेक ठिकाणी गाडी थेट दाराशी लागत असे, सामान आत जाई, गार हवेचे यंत्र सुरू होई आणि समोरचा डोंगर भिंतीवरच्या चित्रासारखा काचेपलीकडे राही. आमच्याकडे असे होऊ नये एवढे ठाऊक होते. ते कसे साधायचे हे ठाऊक नव्हते. पुढे त्याची जी उत्तरे सापडली त्यांतली निम्मी तरी नियमांच्या रेट्यामुळे सापडली, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्या वर्षी आम्ही एकही वीट आणली नाही. जमीन चारही ऋतूंत पाहिल्याशिवाय रेघ ओढायची नाही, अशी अट आर्किटेक्टबाईंनी घातली होती. ओढ्याचे पाणी सर्वांत वर कुठपर्यंत चढते, ती पातळी पावसाळ्यात एका खडकावर रंगाने खूण करून ठेवली. 21 जून आणि 22 डिसेंबर या दोन दिवशी एक सरळ काठी रोवून सकाळी, भर दुपारी आणि दुपार कलल्यावर तिच्या सावलीच्या टोकाशी खुंट्या ठोकल्या. दुपारची सावली वर्षभर या दोन टोकांच्या दरम्यानच फिरत असल्याने छपराचा पुढावा किती असावा आणि कोणत्या भिंतीला खिडकी देऊ नये, हे पुढे त्या खुंट्या पाहून ठरवता आले. वाऱ्यासाठी झाडांना कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. त्या वाऱ्यापेक्षा माकडांविषयीच अधिक माहिती देऊन गेल्या.

याच काळात मोजणी करून घेतली. मोजणीदाराला नुसते ‘मोजणी करा’ असे सांगितले तर तो हद्द आणि चार कोपऱ्यांच्या पातळ्या देऊन मोकळा होतो. कामाच्या पत्रातच तीन गोष्टी लिहून द्याव्यात : अर्ध्या मीटरच्या अंतराने समपातळी रेषा (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या), प्रत्येक मोठ्या झाडाचे स्थान, आणि त्या झाडाचा छातीच्या उंचीवरचा घेर व फांद्यांचा विस्तार. या वाढीव कामाचे त्याने जास्त पैसे घेतले, तरी सगळी मोजणी मिळून एकूण खर्चाच्या एक टक्क्याच्याही आत बसली, आणि नंतर प्रत्येक कार्यालयात हाच नकाशा उपयोगी पडला.

मधल्या काळात वाचन आणि पाहणी चालू होती. सर्वांत अधिक उपयोग झाला तो आर्किटेक्ट जेफ्री बावा यांच्या एका निर्णयाचा. श्रीलंकेतील कंडलामा येथील हॉटेलसाठी त्यांना मुळात सिगिरियाच्या प्रसिद्ध खडकाच्या पायथ्याची जागा सुचवण्यात आली होती. तिथे बांधकाम करण्याऐवजी त्यांनी काही किलोमीटर दूरच्या तळ्याकाठचा कडा निवडला, जिथून तो खडक लांबवर दिसतो. सर्वांत सुंदर जागेवर आपण बांधले की ती जागा संपते, हे त्यातून आम्ही उचलले. आमच्या जमिनीवरचा ओढ्याच्या वळणाजवळचा सपाट खडक, जिथे ‘इथेच पहिली खोली’ असे आम्ही दोघेही मनात धरून बसलो होतो, तो त्या दिवसापासून आराखड्यातून बाहेर गेला.

दुसरी गोष्ट म्हणजे रॉजर उलरिक यांचे 1984 मधील संशोधन. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासताना, खिडकीतून झाडे दिसणाऱ्या रुग्णांना विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा कमी दिवस रुग्णालयात राहावे लागले आणि तीव्र वेदनाशामकेही कमी लागली, असे त्यांना आढळले. अभ्यास रुग्णांच्या 23 जोड्यांचा, म्हणजे तसा लहान. त्यावरून मोठे दावे करणे मला पटत नाही. पण ते रुग्ण खिडकीपाशी उभे नव्हते, अंथरुणावर पडून होते, ही बाब आमच्या कामाची होती. अतिथिगृहातही माणूस सर्वाधिक वेळ पलंगावर किंवा खुर्चीतच असतो, मग खिडकीची उंची उभ्या माणसाच्या डोळ्यांवरून का ठरवायची?

आर्किटेक्टबाईंच्या कार्यालयातून पहिले रेखाटन आले त्यात प्रत्येक खोलीची दर्शनी बाजू जमिनीपासून छतापर्यंत काचेची होती. ते एका तरुण सहकाऱ्याने केले होते आणि दिसायला आकर्षक होते. त्यावर बरीच चर्चा झाली. एवढी काच दुपारच्या उन्हात खोली तापवते, मग गार हवेचे यंत्र लागते, यंत्र लागले की खिडक्या बंद होतात आणि खिडक्या बंद झाल्या की ओढ्याचा आवाज बाहेर राहतो, अशी ती साखळी बाईंनी स्वतःच मांडली. शिवाय काचेत झाडांचे आणि आभाळाचे प्रतिबिंब पडते आणि पक्ष्यांना ते खरे वाटते. स्वीडनमधील हाराड्स येथे 2010 मध्ये झाडाला लगटून उभारलेल्या आरशाच्या खोलीसाठी, पक्ष्यांना दिसेल पण माणसांना दिसणार नाही अशी अतिनील किरण परावर्तित करणारी फिल्म वापरावी लागली होती. आम्हाला तेवढी हौस परवडणारी नव्हती. काच निम्म्याहून कमी केली, आणि जी ठेवली तिच्यावर बाहेरच्या बाजूने दर 5 सेंटिमीटरवर बारीक ठिपके घेतले. ठिपके आतल्या बाजूने लावल्यास प्रतिबिंब तसेच राहते आणि उपयोग फारसा होत नाही, हे काचवाल्याला पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

काचेच्या जागी आली पडवी. प्रत्येक खोलीला तीन बाजूंनी उघडी, पाठीशी भिंत असलेली आणि पावसातही बसता येईल इतकी खोल पडवी दिली. जे ॲपलटन या भूगोलतज्ज्ञांनी 1975 मध्ये असा विचार मांडला होता की, जिथून दूरवर पाहता येते आणि जिथे आपण स्वतः आडोशाला असतो, अशी जागा माणसाला स्वभावतःच आवडते. पडवी नेमके हेच करते. तिच्यासाठी खोल्या आम्ही लहान केल्या. पलंग, एक खुर्ची आणि सामानाची फळी यांपलीकडे आत फारसे काही मावत नाही.

खोल्यांच्या जागा ठरवायला सर्वांत अधिक वेळ दिला आणि तो वेळ सत्कारणी लागला असे मला वाटते. कागदावरची आखणी जमिनीवर फक्की मारून उतरवली, कोपऱ्यांवर बांबू रोवले आणि भविष्यातल्या जोत्याच्या उंचीएवढा फळ्यांचा मंच बांधून त्यावर एक खुर्ची ठेवली. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे पायाखालच्या तळापासून साधारण 1.2 मीटरवर असतात. त्या उंचीवरून एका जागी ओढा दिसण्याऐवजी शेजारच्या खोलीचे न्हाणीघर दिसणार होते, दुसऱ्या जागी समोरच्या टेकडीवरचा विजेचा मनोरा बरोबर मध्ये येत होता. सुताराने दोन दोऱ्या आडव्या धरल्या, एक खिडकीच्या तळाची आणि एक वरच्या चौकटीची. बहीण खुर्चीत बसून ‘अजून खाली, अजून’ असे सांगत राहिली. शेवटी खिडकीचा तळ जमिनीपासून 45 सेंटिमीटरवर आला. खिडकी इतकी खाली असली की नियमाप्रमाणे संरक्षक आडवी दांडी किंवा मजबूत काच लागते, तो खर्च धरून चालावा.

चौथ्या खोलीच्या आखणीत एक जुना उंबर होता. झाड तोडायचे नव्हतेच, पण झाड ‘वाचवणे’ म्हणजे बुंध्याला हात न लावणे एवढेच नसते, हे तिथे कळले. बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यात खोदाई, भराव किंवा वाहनांची ये-जा होऊ द्यायची नाही, असा एक मान्य ठोकताळा आहे. उंबराचा व्यास सुमारे 90 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ 11 मीटरचे वर्तुळ. ते नकाशावर काढल्यावर चौथी खोली त्यात सगळीच बुडाली. ती वर सरकवली. फळांच्या दिवसांत उंबरावर रात्री वटवाघळांची आणि पहाटे पक्ष्यांची जी जत्रा भरते, ती पाहता हे अंतर पाहुण्यांच्या झोपेच्या दृष्टीनेही बरेच झाले.

कागदपत्रांचा क्रम आमच्या बाबतीत असा राहिला : जमिनीच्या वापरातील बदल, ओढा आणि जंगलाची हद्द यांबाबतची ना हरकत पत्रे, सांडपाण्याच्या योजनेची मंजुरी, अग्निशमनाचे प्राथमिक ना हरकत पत्र, आणि मग बांधकाम परवानगी. पहिला अर्ज 2022 च्या फेब्रुवारीत दिला, बांधकाम परवानगी 2023 च्या एप्रिलमध्ये मिळाली. यातला मोठा काळ एका ना हरकत पत्रावाचून दुसरा अर्ज स्वीकारला जात नाही आणि तो स्वीकारल्याशिवाय पहिले पत्र निघत नाही, अशा कोंडीत गेला. यावर उपाय म्हणून आम्ही एका कार्यालयात अर्ज दाखल केल्याची पोच दुसऱ्या अर्जाला जोडली आणि ‘अंतिम पत्र मिळण्याच्या अधीन राहून’ छाननी सुरू करावी अशी लेखी विनंती केली. ती मान्य झाली. तोंडी विचारले असते तर नकार आला असता, असा माझा अंदाज आहे. प्रत्येक आक्षेपाचे उत्तर आक्षेपाच्याच क्रमांकाने आणि सोबत दुरुस्त नकाशा जोडून द्यावे. अधिकाऱ्यांची बदली झाली तरी नस्ती, म्हणजे फाइल, बोलते. आमच्याकडे अशी बदली मधेच झाली.

आक्षेप दोनच महत्त्वाचे होते. पहिला असा की, खोल्यांना जोडणारा छपराखालचा मार्ग बांधीव क्षेत्रात मोजला गेला आणि परवानगी असलेले क्षेत्र ओलांडले. आम्ही छप्पर काढून टाकले आणि उघडी पायवाट ठेवली. पावसात छत्री घेऊन जेवणघराकडे जावे लागते. दुसरा आक्षेप अग्निशमन विभागाचा होता. अग्निशमनाची गाडी प्रत्येक खोलीपर्यंत नेण्याएवढा रस्ता उतारावर करायचा तर अनेक झाडे जाणार होती. वाटाघाटीअंती असे ठरले की वाहने खालच्या सपाटीवरच थांबतील, तिथे गाडी वळण्याएवढी जागा आणि पाण्याची स्वतंत्र टाकी असेल, आणि तिथून वर नळ व नळकांडी नेली जातील. परिणामी पाहुण्यालाही गाडी खाली लावून वर चालत यावे लागते. पहिल्या पानावरच्या प्रश्नाचे एक मोठे उत्तर असे परस्परच मिळाले. सामानासाठी हातगाडी ठेवली. एक खोली मात्र वाहनतळाच्या पातळीजवळ घेऊन तिथपर्यंत 1:12 चा उतार दिला, कारण चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यालाही ओढ्याचा आवाज ऐकता आला पाहिजे. एक मीटर चढायला बारा मीटर लांबी लागते, शिवाय मधे सपाट टप्पे लागतात, हे डोंगरावर फार जागा खाते. त्यामुळे ही खोली सर्वांत आधी बसवावी आणि बाकीच्या तिच्याभोवती.

सांडपाण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या विषयावर कोणी उत्साहाने बोलत नाही. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा ही नेहमीची पद्धत आम्ही गृहीत धरली होती. शोषखड्ड्याआधी जमीन पाणी किती वेगाने शोषते याची चाचणी घेतात : ठरलेल्या खोलीचा खड्डा खणून तो आदल्या दिवशी पाण्याने भिजत ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी किती वेळात किती उतरते ते मोजायचे. उन्हाळ्यात आमचा खड्डा छान उतरला. बाईंच्या आग्रहावरून तोच खड्डा पावसाळ्यात पाहिला तेव्हा त्यात खालूनच पाणी भरले होते. म्हणजे भूजल वर येत होते आणि शोषखड्ड्यातील घाण थेट ओढ्याला मिळाली असती. ही चाचणी पावसाळ्यात घ्यावी, असे मी प्रत्येकाला सांगतो. मग सेप्टिक टँकनंतर खडीचा वाफा करायचे ठरले : तळाशी पाणी न झिरपणारा थर, त्यावर सुमारे 60 सेंटिमीटर खडी, तिच्यात कर्दळ आणि बोरू, आणि पाणी खडीच्या पृष्ठभागाच्या खालूनच वाहते, त्यामुळे डास होत नाहीत आणि वासही येत नाही. शुद्ध झालेले पाणी ओढ्यात न सोडता झाडांना जाते. टँक, वाफा आणि नळ यांवर एकूण खर्चाचा जवळजवळ आठवा हिस्सा गेला. वाफा पायवाटेच्या कडेलाच आहे. चतुर तिथे सतत घिरट्या घालतात, पाहुणे थांबून हे काय आहे असे विचारतात, आणि आपल्या न्हाणीघरातले पाणी इथे येते हे ऐकल्यावर पुढचे प्रश्न आपोआप येतात.

बांधकामाला 2023 च्या पावसाळ्यानंतर सुरुवात झाली. खोल्या खांबांवर उचलल्या, म्हणजे उतारावरून वाहणारे पाणी खालून निघून जाते आणि मुळांवर सलग पाया येत नाही. भिंतींसाठी आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी प्रसार केलेली पोकळ बांधणी वापरली; विटा उभ्या कडेवर लावल्याने मधे पोकळी राहते, भिंत कमी तापते आणि विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात. गवंडी सुरुवातीला नाखूश होते, कारण सांधे सरळ आले नाहीत तर ते लगेच दिसतात आणि प्लास्टरखाली लपत नाहीत. एक नमुना भिंत आधी बांधून घेतली आणि तिच्याशीच पुढचे काम ताडून पाहिले. दराविषयीचे वादही त्यामुळे मिटले. झाडांभोवतीची वर्तुळे काम सुरू होण्यापूर्वीच कुंपणाने बंद करावीत आणि सिमेंट कालवण्याची व घमेली धुण्याची जागा करारात लिहावी. नाहीतर ते पाणी नेमके सावलीत, म्हणजे झाडाच्या बुंध्याशीच ओतले जाते.

दिव्यांचा आराखडा आम्ही विजेच्या ठेकेदारावर सोडला नाही. पिवळसर, 3000 केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) आतले दिवे घेतले, कारण निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक अधिक ओढले जातात. पायवाटेचे दिवे गुडघ्याच्या खाली, वरून झाकलेले आणि फक्त पायऱ्यांवर पडणारे आहेत. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका उघड्या झगझगीत दिव्याने ती सगळी तयारी वाया जाते. म्हणून आभाळ पाहण्याच्या ओट्यावर एकही दिवा नाही. परवान्याच्या तपासणीत नेमका याच ओट्यावर आक्षेप आला. सुरक्षेसाठी तिथे आपत्कालीन दिवा हवा होता. एरवी बंद राहणारा, वीज गेल्यावर किंवा बटण दाबल्यावरच लागणारा दिवा लावून तो आक्षेप मिटवला.

शांततेचा हिशेबही असाच करावा लागतो. पाण्याचा पंप आणि जनित्र खालच्या वाहनतळाजवळ, जाड भिंतीच्या खोलीत ठेवले. खिडक्यांना आतून जाळी आहे. जाळीमुळे दृश्य थोडे मंदावते, पण जाळी नसली की संध्याकाळी पाहुणे खिडक्या लावून घेतात आणि मग सगळाच खटाटोप फुकट जातो.

बांधकाम 2024 च्या जुलैमध्ये संपले, भोगवटा दाखल्यासाठी आणखी तीन महिने गेले. एकूण खर्च मूळ अंदाजापेक्षा पाचव्या हिश्शाने वाढला. त्यातला बराचसा भाग उतारावर साहित्य डोक्यावरून वाहण्याच्या मजुरीचा होता, जो कोणत्याही दरपत्रकात धरलेला नव्हता. आठवा हिस्सा सांडपाण्याचा, पाचवा हिस्सा वाढीचा असे मांडून पाहिले की कर्ज काढतानाच किती शिल्लक बाजूला ठेवावी याचा अंदाज येतो. आम्ही बांधकाम अंदाजाच्या पंधरा टक्के ठेवली होती; ती पुरली नाही. कमी पडलेले पैसे खोल्यांचे सामान टप्प्याटप्प्याने घेऊन भागवले.

पाहुणे येऊ लागल्यावर तक्रारी आल्या त्या बहुतेक चालण्याच्या आणि अंधाराच्या. आता आरक्षणाच्या वेळीच वाहन कुठे थांबते, किती चढ आहे आणि रात्री विजेरी लागते, हे स्पष्ट लिहितो, आणि तक्रारी पुष्कळ कमी झाल्या आहेत. परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी असते, वाफ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा तपासणी अहवाल त्याला जोडावा लागतो आणि प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो, म्हणून मुदत संपण्याच्या निदान दोन महिने आधी नमुना द्यावा. याखेरीज एक काम माती लोटण्यापूर्वीच करून ठेवावे : जमिनीखालचे सगळे नळ आणि तारा उघड्या असताना, शेजारी मोजपट्टी ठेवून त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्यक्ष बांधणीच्या नकाशावर त्यांची अंतरे झाडांपासून मोजून लिहावीत. खुंट्या उपटल्या जातात आणि रंगाच्या खुणा पुसल्या जातात.